मडमेचा दगड

१

मडमेच्या थडग्यावरचा दगड नाहीसा झाल्याची बातमी केरूनंच आणली. केरू म्हणजे सड्यावरच्या, गावावरच्या कातळमाळावरच्या, गोऱ्यांच्या थडग्यांचा राखणदार. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आप्पा सोवनींच्या अंगणात सकाळी येऊन तो उभा राहिला, डोकीचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "सायेब, दगड नाय जाग्यावर."

आमचे हे ओटीवर चहा पीत होते. त्यांनी कप तसाच खाली ठेवला, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात आप्पांचा जोडा चढवला आणि सड्याची वाट धरली. मी मागून हाका मारत राहिले. दगड म्हटलं की ह्यांना कान नसतात.

ह्यांचा नादच तसा. पुण्याला शाळेत इतिहास शिकवायचा आणि सुट्टी लागली की जुनी थडगी पाहत हिंडायचं. माझ्या मैत्रिणी नवऱ्याबरोबर काशी-रामेश्वर करून आल्या. मी सुरतेच्या वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, कबरी, विजापूरचे घुमट आणि दाभोळचे दर्गे करून आले. मी पदर खोचून दगड धुवायचा आणि ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवून अक्षरं लावायची, असा आमचा संसार. लोक हसतात. हसू देत. ह्यांचा हा नाद आमची तारा गेल्यापासूनचा आहे, हे लोकांना ठाऊक नाही. तारा आठ महिन्यांची होती. आपल्यात एवढ्या लहान मुलाला पुरतात आणि वर काही ठेवत नाहीत. नदीला पूर आला आणि पुढल्या वर्षी ती जागाही ओळखू येईना. तेव्हापासून हे दुसऱ्यांचे दगड वाचतात.

रत्नागिरीच्या सड्यावर समुद्राकडे तोंड करून अशी पाच-पंचवीस थडगी आहेत. सगळी जांभ्या चिऱ्याची, पावसानं काळवंडलेली. त्यांत एकावर मात्र घाटावरून आणलेला गुळगुळीत काळा दगड होता, माणसाहून थोडा आखूड, चार बोटं जाड. त्यावर कोरलं होतं, मार्गारेट, वय बावीस, आणि तिची एक दिवसाची मुलगी अॅना. गेल्या वर्षी तो दगड वाचल्यावर ह्यांनी तो स्वतःच्या हातानं पुन्हा धुतला होता. यंदा, एकोणतीसच्या मे महिन्यात, ते पाद्रीसाहेबांची परवानगी आणि मुंबईच्या एका संग्रहालयाचा होकार घेऊनच आले. खारा वारा अक्षरं खाऊन टाकील, दहा पावसाळ्यांत काही उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट दगड मुंबईला नेणार होती. त्यानंतर चार महिने बंदर बंद.

आणि आता नुसता जांभ्याचा ओटा उरला होता. वर काही नाही.

दुपारी फौजदार आले. माणूस सरळ होता, पण त्यांचा हिशेबही सरळ होता. आवाराला उंच दगडी गडगा, फाटक एकच, किल्ली केरूकडे. ते म्हणाले, "आगबोट लागायला आठ दिवस आहेत, तोपर्यंत वाट बघतो. तोवर दगड आला नाही, तर तुला घेऊन जाणं मला भाग आहे."

केरूनं मान खाली घातली. त्याची मुलगी मैना बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेले. आधीची दोन मुलं तिच्या हाती लागली नव्हती. बाप कोठडीत गेला तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर सड्यावरची झोपडी जाणार आणि ही पोर ओल्या अंगानं रस्त्यावर येणार. हे सगळं अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं. तरी केरू "मी नाय नेलंन" असं एकदासुद्धा म्हणाला नाही.

२

ह्यांनी तपास हाती घेतला. ह्यांना दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस जसा कळतो तसा समोरचा कळत नाही. तेव्हा मी बरोबर गेले.

पहिला संशय धोंडू पाथरवटावर. रत्नागिरीत चिरा मुबलक, पण चिऱ्याला सगळीकडे भोकं. काळा, घट्ट दगड मिळणं कठीण. पाटा घडवा, पायरी घडवा, गिऱ्हाईक तयार. धोंडूच्या अंगणात आम्ही गेलो तेव्हा तो उखळीला टाकी लावत होता.

"मडमेचा दगड फोडून तू काय करशील?" ह्यांनी एकदम विचारलं.

धोंडूनं टाकी खाली ठेवली. "त्या दगडाला टाकी लावीन तर हात झडंल माजा. माजी तीन पोरं त्या दगडावर..." एवढं बोलून तो थांबला, घरात बघितलं आणि पुन्हा टाकी उचलली. "मला कायबी ठावं नाय, सायेब."

वाटेत हे खूश. "पाहिलंस? बोलता बोलता अडकला. दगड ह्याच्याचकडे." फौजदारांनी धोंडूचं परसू उलथंपालथं केलं. एक जुनी जात्याची तळी मिळाली.

दुसरा संशय मला आला, आणि तो बोलून दाखवायची मला लाज वाटत होती, कारण आम्ही ज्यांचं मीठ खात होतो त्यांचाच तो होता. आप्पा सोवनी हे ह्यांचे शाळासोबती. त्यांची आंब्याची बाग थडग्यांना लागून. खारवी वाड्यातल्या, मासेमारांच्या वस्तीतल्या, बायका थडग्यांकडे जाताना त्यांच्या बागेतून जातात, ह्याचा आप्पांना राग. "माझ्या कलमांखालून चव्हाट्यासारखी वाट पडली आहे," असं ते मला आल्या दिवशीच म्हणाले होते. दगड गेला की वाट बंद.

फौजदारांनी रीत म्हणून आप्पांचंही घर पाहिलं. ओटी, माजघर, कोठार. आंब्याच्या खोलीपाशी मात्र आप्पा दारात आडवे झाले. आत जमिनीवर भाताच्या पेंढ्यात थरावर थर हापूस रचून आढी घातली होती.

"डोळ्यांनी बघा, आढीला हात नको," आप्पा म्हणाले. "ऊब मोडली की आंबा वाया."

फौजदारही कोकणातलेच. त्यांनी उंबऱ्यावरूनच डोकावलं आणि मागे फिरले. भर मे महिन्यात दुसऱ्याची आढी उसकटणारा माणूस त्या मुलखात जन्माला यायचा आहे.

पुढे मी एकटीच थडग्यांकडे गेले. ओट्याभोवती लाल धूळ होती, तीत गाडीच्या चाकांची एकही रेघ नव्हती. म्हणजे दगड माणसांनी उचलून नेला, आणि माणसं उचलून लांब नेत नाहीत. ओट्याच्या चिऱ्यात काही तरी पिवळं अडकलं होतं. उपसून पाहिलं तर भाताचा पेंढा. सड्यावर भात कुठलं? कोणीतरी दगडाला खरचटू नये म्हणून खाली पेंढा घातला होता.

चोर एवढी काळजी घेत नाही. पेंढा मुठीत धरून मी तिथेच बसले, आणि माझ्या लक्षात आलं की मी चोर शोधतच नाहीये.

३

खारवी वाड्यातली चिमा रोज मासे घेऊन बंदराकडे जाई. आप्पांच्या घरात मासे चालत नाहीत, तेव्हा मी तिला बागेच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकातच, गाठलं.

"चिमाबाय, त्या दगडाशी तुम्ही बायका काय करता गो?"

तिनं पाटी उतरवली आणि मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "तुमाला पोरं किती, वैनी?"

"एक होती."

ती तिथेच मातीत बसली. माझा हात धरून म्हणाली, "मग तुमाला सांगायला हरकत नाय. ती मडम बाळातपनात गेली. तिची मांडी रिकामीच ऱ्हायली. म्हनून आमी बाराव्या दिवशी पोर नेऊन घटकाभर त्या दगडावर निजवतंव. मडमेच्या मांडीवर घातलेलं पोर जगतं. माज्या आयशीनं मला घातलंन, मी माज्यांना घातलंव." मग तिचा आवाज उतरला. "मैनाची दोन गेली, ती सासरी दाभोळास झाली होती. तिकडनं कोन आननार? ह्या खेपेस केरू सोता जाऊन तिला घेऊन आला."

म्हणजे आमचे हे जो दगड वाचवायला निघाले होते, तो केरूच्या नातवंडाची मांडी होती. मला एकदम ह्यांचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग दोघांचीही कीव आली.

"दगड कुठे आहे, चिमाबाय?"

तिनं पाटी डोक्यावर घेतली. "आगबोट जाऊ दे, वैनी. मग इचारा."

मी घरी आले आणि मागच्या पडवीत बसून दगड गेल्याचं कळलं त्याच्या आदल्या दुपारपासून सगळं आठवलं. त्याच्याही आदल्या रात्री जेवताना ह्यांनी जाहीर केलं होतं की दगड मुंबईला जाणार. कमलाताई, म्हणजे आप्पांची बायको, माझ्या भातावर आमसुलाचं सार वाढत होत्या. त्या वाढतच राहिल्या. पान भरून सार जमिनीवर आलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी हे आणि आप्पा दगड आगबोटीपर्यंत न्यायला पडाव, म्हणजे मोठी होडी, ठरवायला बंदरावर गेले. तेव्हा सड्यावरून पडदे सोडलेली डोली आली. मैना सड्यावर एकटी पडते, सुईण लांब, म्हणून तिला आपल्या मांगरात, परसातल्या खोपटात, आणून ठेवते, असं कमलाताईंनी मला सांगितलं होतं. केवढी मायेची बाई, असं मला वाटलं होतं.

डोली वाहायला सहा खारवी होते. घामानं निथळत होते. मी त्यांना गूळपाणी दिलं. तेवढ्यात कमलाताईंनी मला पुढल्या दारी फणसपोळ्यांवरचे कावळे हाकायला पाठवलं. परत आले तेव्हा डोली रिकामी होती आणि मैना विहिरीवर बसून पाय धूत होती. पाय पोटऱ्यांपर्यंत लाल मातीनं भरलेले.

डोलीतून आलेल्या बाईचे पाय लाल कसे?

मी उठून उभी राहिले. मैना चालत आली होती. मग डोलीत कोण होतं?

४

आठवा दिवस उजाडला, आगबोटीचा. पहाटेपासून मैनाच्या पोटात कळा येऊ लागल्या. कमलाताई आणि सुईण मांगरात, आप्पा बागेत. हे ओटीवर, दोन चष्मे हरवून तिसऱ्याच्या शोधात. केरू अंगणात उकिडवा बसलेला, एक डोळा मांगराकडे, एक बंदराच्या वाटेकडे.

स्वयंपाक माझ्यावर पडला. पानाला आंबा हवा म्हणून मी आंब्याच्या खोलीत गेले. दार उघडताच गोड वासानं नाक भरलं. आढी तयार झाली होती. कडेचा पेंढा दूर केला. आंबे केशरी, देठाशी सुरकुतलेले, बोटानं दाबलं तर दबणारे. मी पुढे सरकले. इथले पिवळे, इथलेही पिवळे. वरचा थर बाजूला केला, खालचा पाहिला, आणि थांबले.

अगदी मधल्या भागात, तळच्या थरातले आंबे हिरवेगार होते. दगडासारखे कडक. कडेला ओटीभर पिवळे आणि मध्येच हिरवे, तेही कसेतरी विखुरलेले नाहीत. हिरव्याला सरळ कड होती. मी पेंढा सारत गेले तशी ती कड पुढे गेली, काटकोनात वळली, परत आली. माणसाहून थोडा आखूड असा लांबट हिरवा पट्टा.

आढीत आंबा पिकतो तो उबेनं. शेणानं सारवलेली जमीन, वर पेंढा, आणि आंब्याची आंब्याला लागलेली ऊब. त्या उबेखाली गार काळा दगड ठेवला, तर तो ऊब पिऊन टाकणार आणि त्याच्यावरचा आंबा पिकायला मागे पडणार. कोणी सांगायला नको होतं. उन्हाळ्यात आम्ही त्याच गारव्यासाठी फरशीवर निजतो.

मी पेंढ्यात कोपरापर्यंत हात घातला. बोटांना गार लागलं, गुळगुळीत लागलं, आणि मग अक्षरांच्या खाचा लागल्या.

"कुसुमताई," मागून आवाज आला.

दारात कमलाताई उभ्या होत्या. कपाळावर घाम, हात ओले. मांगरातून मैनाचा कण्हण्याचा आवाज येत होता.

"मुलगी अडली आहे का?" मी विचारलं.

"नाही. अजून वेळ आहे." त्यांनी दार लोटून घेतलं आणि आढीपाशी बसल्या. "तुम्ही सांगणार का तुमच्या भास्कररावांना?"

"आधी तुम्ही मला सांगा."

त्यांनी सांगितलं. त्यांचेही पहिले दोन मुलगे गेले होते. तिसरा झाला तेव्हा बाराव्या दिवशी चिमाच्या आईनं भर दुपारी मागल्या दारानं येऊन बाळाला पदराखाली नेलं आणि घटकाभरानं परत आणून दिलं. तो त्यांचा बाळू आता मुंबईला कॉलेजात आहे.

"सोवनींच्या घरातला मुलगा म्लेच्छ बाईच्या थडग्यावर निजला, हे ह्यांना कळलं तर काय होईल, सांगा. ह्यांचं सोवळं तुम्ही पाहताच." त्यांचे डोळे भरून आले. "आगबोट गेली की दगड परत नेऊन ठेवायचा, एवढंच ठरलं होतं. पुढच्या मोसमापर्यंत काहीतरी सुचलं असतं. पण आळ केरूवर आला. मी म्हटलं, मी सांगून टाकते. तर केरू म्हणतो, वैनी, तुमी बोलू नका, माजी पोर मोकळी झाली की मी कुटंबी जाईन. पण आज फौजदार आले तर मीच ओटीवर जाऊन सगळ्यांसमोर सांगणार आहे. मग काय व्हायचं ते होवो."

त्याच वेळी समुद्राकडून आगबोटीचा भोंगा ऐकू आला.

५

मी ह्यांना हाताला धरून आंब्याच्या खोलीत आणलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाढवळ्या दुसऱ्याच्या घरात मी ह्यांचा हात धरला तो त्याच दिवशी.

"हा हिरवा पट्टा बघा," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं: पेंढा, सहा गडी, मैनाचे लाल पाय, धोंडूचं अर्धवट वाक्य. कमलाताईंचं सांगताना त्यांची परवानगी होती. हे ऐकत राहिले. मग खाली बसले आणि पेंढ्यात हात घालून ती अक्षरं चाचपू लागले.

"वारा खाऊन टाकील हा दगड," ते म्हणाले. "दहा वर्षांनी नाव उरणार नाही, कुसुम. संग्रहालयात काचेमागे राहील. लोक वाचतील."

"कोण वाचेल? तुमच्यासारखा एखादा. इथे वाचता न येणाऱ्या बायकांनी शंभर वर्षं तिला विसरू दिलेलं नाही." मला रडू येत होतं, तरी मी बोलत राहिले. "आपल्या तारेवर दगड नव्हता म्हणून तुम्ही हा न्यायला निघालात. मला कळतं ते. पण दगड असता तरी तिला कोणी मांडीवर घेतलं नसतं. ह्या बाईच्या मांडीवर पोरं निजतात. ती कशाला उचलायची?"

 ते शेवटी सापडलेला तिसरा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

बाहेर फौजदारांचा आवाज आला. हे उठले आणि ओटीवरून पायांत मिळेल ते चढवून अंगणात उतरले. आम्ही दोघी दाराआड. केरू अंगणात उभा होता, हात पुढे करून, जणू बेड्या आत्ताच पडणार.

"फौजदारसाहेब," हे म्हणाले, "माफ करा. दगड सापडला. म्हणजे हरवलाच नव्हता. धुऊन पुसायला म्हणून मीच उतरवून ठेवायला सांगितला होता आणि साफ विसरलो. आता तो मुंबईला जाणार नाही. दोन दिवसांत जागेवर जाईल. पाद्रीसाहेबांना आणि संग्रहालयाला मी आजच लिहितो."

फौजदारांनी ह्यांच्याकडे रोखून पाहिलं. एवढा मोठा दगड कोणी विसरतो का, असा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला असावा. मग त्यांची नजर खाली गेली. ह्यांच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात आप्पांचा जोडा. फौजदारांनी सुस्कारा सोडला आणि टोपी उचलली. त्यांना पटलं होतं.

केरूनं पुढे केलेले हात तसेच जोडले. आणि मांगरातून बाळाचं रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत.

मुलगी झाली होती.

६

आगबोट आमच्याशिवाय गेली. आम्ही बारावा दिवस होईस्तोवर राहायचं आणि मग मोटारीनं घाटातून परतायचं ठरवलं.

राहता राहिला दगड परत न्यायचा प्रश्न, आणि तोही आप्पांच्या नकळत. कमलाताई आणि मी चुलीपाशी बसून खलबतं करत होतो, तोच आप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले. एरवी ते तिथे फिरकत नसत.

"उद्या दुपारी डोली सांगितली आहे," ते छताकडे बघत म्हणाले. "सहा गडी सांगितलेत. चौघांना झेपत नाही."

कमलाताईंच्या हातातली पळी खाली पडली.

"आढी मीच नीट केली होती, तुम्ही मैनाला बघायला गेलात तेव्हा," आप्पा म्हणाले. "पेंढा फार कमी घातला होता तुम्ही. कोपरा दिसत होता." जाता जाता ते वळले. "बाळूला चिमाच्या आईनं नेलं तेव्हा मी कलमाआड उभा होतो. ऊन फार होतं. मी आपला लांबून छत्री धरून तिच्या मागं मागं गेलो. तिला वाटलं, मी बाग राखतोय."

एवढं बोलून ते बागेत निघून गेले. कमलाताई हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता यायचं नाही.

बाराव्या दिवशी आम्ही सगळे सड्यावर गेलो. दगड जागेवर होता. धोंडूनं त्याच्या कडेनं चुन्याची बारीक दरज भरून दिली होती. त्यानं खोलगट अक्षरांना टाकी लावली नव्हती, पण ती घासून लख्ख केली होती. बायका जमल्या. ह्यांनी दगडावरचं सगळं मराठीत वाचून दाखवलं. मडमेची मुलगीही तिच्याजवळच आहे आणि तिचं नाव अॅना, हे त्या बायकांना पहिल्यांदाच कळलं. चिमानं दगडाला हात लावून ते नाव तिच्या तऱ्हेनं दोनदा म्हणून पाहिलं.

मग मी मागे सरले. बारशाला, पाचवीला मी नेहमी मागे उभी राहते. मूल गेलेल्या बाईनं पुढे होऊ नये, हे मला कोणी सांगावं लागत नाही.

"वैनी, मागं का जाता?" चिमा म्हणाली. "हितं आमच्यात तसं नाय. जिचं गेलं, तिनंच ठेवायचं. मडमेशी तिलाच बोलता येतंय."

मैनानं मुलगी माझ्या हातांत दिली. केवढीशी होती, आणि केवढी ऊब होती तिला. मी वाकले आणि तिला दगडावर ठेवलं. गार लागल्यावर तिनं पाय आखडून घेतले, मग हळूच पसरले आणि डोळे मिटले. मी काय बोलले ते सांगत नाही. एक नाव घेतलं, एवढंच.

हे माझ्या शेजारी येऊन गुडघ्यावर बसले होते. मुलीच्या डोक्यावर ऊन येत होतं, तर त्यांनी आपली टोपी आडवी धरली.

"कुसुम," ते म्हणाले, "पुढच्या मे महिन्यात इथेच येऊ. ही चालायला लागली असेल."